लीलाबाई काळभोरांचं दार

गेल्या महिन्यात पुण्याहून भावाचा फोन आला, तो थेट तक्रारीनंच सुरू झाला. "अगं, तुझ्या भाचीला समजाव काहीतरी. बनवाबनवीला नावं ठेवतेय." मागून भाचीचा आवाज, "आत्या, तूच सांग. चार पुरुष मिळून एका वयस्क बाईला फसवतात, पोरींना फसवतात, आणि बाईचं सोंग घेतलं की सगळे खदखदा हसतात. यात एवढं डोक्यावर घेण्यासारखं काय आहे?"

दोघांचंही मी ऐकून घेतलं. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली आला तेव्हा भाऊ कॉलेजात होता. त्याच्यासाठी तो चित्रपट म्हणजे घरातलंच माणूस. आजही कुणी दारातून "धनंजय माने इथेच राहतात का?" असं ओरडलं की तो आतून ओ देतो. भाची चोवीस वर्षांची. तिला तो विनोद टोचतो, आणि ती हे उगाच म्हणत नाही. असे वाद आता घरोघरी होतात. एकीकडे "आमच्या आठवणींना हात लावू नका", दुसरीकडे "आज हे चालणार नाही". मला मात्र वाटतं की दोघंही चित्रपटाच्या पोटातली गोष्ट विसरतायत. ती गोष्ट म्हणजे घर. चार जणांना राहायला जागा नाही. मानेंच्या खोलीत भाऊ आणि दोन मित्र येऊन राहतात, घरमालक सरपोतदार खोली रिकामी करायला लावतात, आणि दुसऱ्या घराच्या मालकीणबाई लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांनाच जागा देतात. म्हणून सुधीरची सुधा होते आणि परश्याची पार्वती. पुढची सगळी धमाल, गाणी, पळापळ या एका नकारातून निघते.

पुण्यात होते तोवर हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आईवडिलांच्या घरात वाढलेल्या मुलीला ते लक्षात यायचं कारणही नव्हतं. ते कळलं इथे, म्युनिकमध्ये.

चौदा वर्षांपूर्वी आले तेव्हा पहिली खोली मिळायला मला साडेतीन महिने लागले. जागा बघायला गेलं की जिन्यावर खालपर्यंत रांग, प्रत्येकाच्या हातात कागदांची फाइल. पगाराच्या पावत्या, नोकरीचा करार, ‘शूफा’ म्हणजे तुमची कर्जं-उधारी कशी आहे याचा दाखला. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत घेता येते, आणि ती रक्कम नव्यानं आलेल्या माणसाकडे असतेच असं नाही. जागा मिळाली की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची असते. कर क्रमांकाचं पत्र त्याच पत्त्यावर येतं, पुढची बरीच कामं त्या नोंदीवर अडतात. पत्ता नसलेला माणूस इथे अर्धाच पोचलेला असतो. एका घरमालकानं माझं नाव वाचून विचारलं होतं, स्वयंपाकाला वास फार येतो का? मी "नाही" म्हणाले. तेव्हा माझ्या बॅगेत आईनं दिलेली हिंगाची डबी होती. एवढं साधं खोटं, पण ते बोलताना कान तापले होते, ते अजून आठवतं.

खोली मिळाल्यावर माझ्यासारखीच जागा शोधणारी एक मैत्रीण तीन आठवडे माझ्याकडे राहिली. करारात माणूस एकच. म्हणून दाराबाहेर चपलांचा एकच जोड ठेवायचा, दुसरा आत वर्तमानपत्रावर. मालकाची पावलं जिन्यावर वाजली की ती न्हाणीघरात जायची आणि नळ सोडायची नाही. रात्री आम्ही कुजबुजत बोलायचो. तिच्याकडे लॅपटॉपवर बनवाबनवी होता. बघता बघता मी मध्येच थांबवायला सांगितला. लहानपणापासून तोंडपाठ असलेला तो सिनेमा पहिल्यांदाच माझ्याबद्दल बोलत होता.

यंदाच्या वसंतात इथल्या मराठी मंडळींनी एक छोटा हॉल घेऊन तो इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवला. साठेक माणसं होती. मी चित्रपटापेक्षा माणसांकडेच जास्त बघत होते. पुढच्या रांगेतले काका-काकू प्रत्येक वाक्य पडद्याच्या आधी म्हणत होते. सत्तर रुपये वारल्याची बातमी तर अख्ख्या हॉलनं एकसुरात दिली. इथे जन्मलेली मुलं पार्वतीच्या चालण्याला फारशी हसली नाहीत. पुरुषानं साडी नेसणं यात त्यांना नवल काही वाटलं नाही. ती हसली सुधीर जोशींच्या सरपोतदारांना, त्यांच्या तालेवार संशयाला. शेवटच्या रांगेत गेल्या सहा महिन्यांत आलेले विद्यार्थी होते. लीलाबाईंनी अट सांगितली तेव्हा त्यांच्यातून जे हसू आलं, ते भावाचंही नव्हतं आणि मुलांचंही नव्हतं. ते ओळखीचं हसू होतं. त्यातला एक मुलगा तेव्हा आठवड्यागणिक वेगवेगळ्या मित्रांच्या सोफ्यावर झोपत होता.

माझ्या शेजारच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, माझ्या आग्रहावरून आल्या होत्या. घरी परतताना ट्राममध्ये त्या म्हणाल्या, "हे तर आमचंच आहे." मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या तरुणपणी जर्मनीत लग्न न झालेल्या जोडप्याला खोली देणाऱ्या मालकावर फौजदारी खटला होऊ शकायचा. अनैतिक संबंधांना आसरा दिल्याचं कलम होतं ते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ते टप्प्याटप्प्यानं गेलं. आजी आणि त्यांचा तेव्हाचा मित्र बहिणीच्या अंगठ्या बोटात घालून नवरा-बायको म्हणून एका खोलीत राहिले होते. मालकीणबाईंना कळलं होतं की नाही हे आजींना आजही माहीत नाही. "बाई चांगली होती," त्या म्हणाल्या. "तिला घाबरायला लावलं होतं."

हे वाक्य मी भाचीला तसंच सांगितलं, कारण मला लीलाबाईंबद्दल आणि सरपोतदारांबद्दलही तेच वाटतं. १९८८ साली पुण्यात १९४७ चा जुना भाडेनियंत्रण कायदा लागू होता. भाडं गोठलेलं आणि भाडेकरू एकदा आत आला की त्याला काढणं महाकठीण. मग मालक सगळी पारख उंबऱ्याबाहेरच करून घ्यायचा, आणि ‘सडाफटिंग’ दिसला की दार लावायचा. इथे २००६ साली भेदभावाविरुद्ध कायदा आला, पण मालक त्याच आवारात राहत असेल तर घरभाड्याच्या बाबतीत त्या कायद्याचा हात आखडतो. म्हणजे लीलाबाई म्युनिकमध्ये असत्या तरी "जोडपंच हवं" म्हणायला बहुधा मोकळ्या राहिल्या असत्या.

बाईचं सोंग घेण्याची ही गोष्ट तशी आपल्या एकट्याची नाही. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’मध्ये हाच पेच आहे आणि त्याच्या नावातच मकान आहे. जगभर नावाजलेला बिली वाइल्डरचा १९५९ चा ‘सम लाइक इट हॉट’ ज्या कथेवर उभा आहे, त्या कथेवर आधी १९३५ साली फ्रेंच आणि १९५१ साली जर्मन चित्रपट आला होता. त्या जर्मन चित्रपटात दोन वादक बायकांच्या बँडमध्ये शिरतात ते बेकारीमुळे. पाठलाग करणारे गुंड वाइल्डरनं आणले. कुणाला काम हवं होतं, कुणाला जीव वाचवायचा होता. आपल्या चौघांना डोक्यावर छप्पर हवं होतं. वसंत सबनीसांनी ते इतक्या सहज लिहिलंय की गरज दिसतच नाही, फक्त गंमत दिसते. लोकनाट्यात मुरलेल्या लेखकाची ही ताकद आहे. पण तिच्यामुळेच पन्नाशीतला भाऊ आणि विशीतली भाची दोघंही फसतात असं मला वाटतं.

भाचीच्या काही हरकती मला मान्य आहेत. प्रेमात पडलेल्या माधुरीशी, मनीषाशी जे खोटं बोललं जातं, त्याचा हिशेब चित्रपट नीट देत नाही. बायकांना शेवटी पटकन राग गिळावा लागतो, कारण तीन तास संपत आलेले असतात. हे आज खटकतं आणि खटकायला हवं. भाऊ म्हणतो, त्याबद्दल बोलूच नका. मी म्हणते, बोला. जो सिनेमा आपला आहे त्याच्याशीच माणूस भांडतो.

पण साडीतल्या पुरुषाला हसणं म्हणजे बाईला हसणं, हे मला सरसकट पटत नाही. बालगंधर्वांच्या भाषेतली माणसं आहोत आपण. त्यांच्या शालू-शेल्यांची, केसांतल्या फुलांची नक्कल घराघरांतल्या बायका करायच्या. सचिनची सुधा त्या परंपरेच्या जवळ आहे, ती नजर खाली घालते तेव्हा कुणी हसत नाही. हसू येतं लक्ष्मीकांत बेर्डेच्या पार्वतीतून परश्या डोकावतो तेव्हा, म्हणजे पुरुषाची फजिती होते तेव्हा. आणि पार्वतीच्या डोहाळजेवणाचं गाणं! खोट्या पोटाभोवती, फुलांच्या दागिन्यांनी मढवलेल्या बाप्याभोवती बायकांनी फेर धरलेला. आज तेच ‘कुणीतरी येणार येणार गं’ खऱ्या डोहाळजेवणांत लावतात. माझ्याही वेळी मैत्रिणींनी इथल्या दोन खोल्यांच्या घरात लावलं होतं. अनुराधा पौडवालांचा आवाज लागला आणि आई आठवून मी रडले. थट्टेतून जन्मलेलं गाणं प्रेक्षकांनी खरं करून घेतलं. एवढं भाग्य भल्याभल्या गंभीर चित्रपटांना मिळत नाही.

भावाला मात्र एक विनंती केली, की फोनवरच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत हा सिनेमा बघणं सोड. लिंबू कलरची साडी, सत्तर रुपये, हा माझा बायको पार्वती. तुकडे मजेदार आहेत, पण त्यांतून दार गेलंय, नकार गेलाय, चौघांचं रस्त्यावर येणं गेलंय. मग उरतात ते खरंच नुसते फसवणारे चार पुरुष. भाचीनं पूर्ण चित्रपट कधी पाहिलाच नव्हता. तिनं हे तुकडेच पाहिले होते, आणि त्यांवरून तिचं मत अगदी बरोबर होतं.

गेल्या रविवारी तिनं तो अख्खा पाहिला आणि रात्री मला फोन केला. ती नोकरीसाठी मुंबईला गेली आहे, दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहते. अकरा महिन्यांचा करार, सोसायटीत एकट्या मुलींबद्दल कुरकुर. पार्वतीबद्दल ती अजून माझ्याशी सहमत नाही, तसं तिनं स्पष्ट सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाली, "आत्या, आम्ही एक करतो. गॅलरीतल्या दोरीवर रोज आईची एक साडी वाळत घालतो. घरात कुणीतरी मोठं आहे असं समोरच्यांना वाटावं म्हणून."

"रोज तीच?" मी विचारलं.

"दोन आहेत. आलटून पालटून."