एकाच डब्यातल्या दोन पट्ट्या

"तुझ्या आणि बाबांच्या गोळीचं नाव सारखंच कसं रे?" डबा आवरताना आईने विचारलं आणि मी गार पडलो. बाबांची पट्टी प्रोस्टेटची, 5 मिलिग्रॅम. माझी केसांची, 1 मिलिग्रॅम. औषध एकच, फिनास्टराइड. आठ महिने गिळत होतो आणि हे मला माहीत नव्हतं.

स्थळं बघणं चालू होतं. एकीकडून निरोप आला, मुलगा चांगला आहे पण फोटोत वयस्कर दिसतो. त्याच रात्री मोबाइलवरून डॉक्टरांशी बोललो. चार मिनिटं. डोक्याचा फोटो पाठवला, गोळी लिहून आली. मेडिकलवाल्याने कात्रीने पट्टी कापून दिली. माहितीचा कागद खोक्यातच राहिला.

गोळी काम करते, उगाच खोटं कशाला बोलू? केसांची मुळं बारीक करणारं डीएचटी नावाचं हार्मोन ती रक्तात साधारण 70 टक्क्यांनी खाली आणते. चौथ्या महिन्यात उशीवरचे केस कमी झाले. त्याच सुमारास कामेच्छाही आटली. आणि मन असं बसलं की ऑफिस सुटल्यावर पार्किंगमध्ये बाइकवर नुसता बसून राहायचो, किल्ली फिरवायचं जिवावर यायचं. केसांच्या गोळीचा यात काही हात असेल, हे डोक्यातच आलं नाही. मित्रांना काय सांगणार? असल्या गोष्टींची आपल्याकडे फक्त चेष्टा होते.

मग वाचायला बसलो. अमेरिकेत ही गोळी केसांसाठी 1997 मध्ये मंजूर झाली. तेव्हाच्या चाचण्यांत इच्छा कमी झाल्याचं 1.8 टक्के पुरुषांनी सांगितलं, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत 1.3 टक्के. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही, आणि माझ्या बाबतीत दोष गोळीचाच होता हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण काहींचा त्रास गोळी सोडल्यावरही राहतो, हे 2012 पासून तिथल्या माहितीपत्रकात छापलेलं आहे. 2025 मध्ये युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार हा तिचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. हे मला चार मिनिटांत सांगता आलं नसतं?

बाबांच्या डॉक्टरांनी पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्तचाचणीचा, रिपोर्ट हातात घेतानाच विचारलं होतं, कुठल्या गोळ्या चालू आहेत? फिनास्टराइडने तो आकडा निम्म्यावर येतो, म्हणून दुप्पट धरून वाचावा लागतो. मी तर शिवजयंतीच्या शिबिरात रक्तही देऊन आलो होतो. ही गोळी सोडल्यावर महिनाभर रक्त द्यायचं नसतं. ते गरोदर बाईला चढवलं तर पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

माझी पोस्ट वाचून कोणी गोळी फेकू नका. डॉक्टरांना विचारा, आणि मन बसल्यासारखं वाटत असेल तर आजच सांगा.

मी डॉक्टरांना विचारून सोडली. तीनेक महिन्यांत मन ताळ्यावर आलं, बाकीचंही. केस पुन्हा गळू लागलेत. परवा सलूनवाल्याने मानेवर पाणी मारता मारता विचारलं, "दादा, गोळी बंद केली काय?"