गुण्या सैतानाचा नाही, गवंड्याचा आहे

सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला. म्हणे फ्रीमेसन लोकांचं, म्हणजे गवंड्यांची हत्यारं खूण म्हणून वापरणाऱ्या, गुप्तता पाळणाऱ्या जुन्या बंधुसंघाचं, गुण्या-कंपासचं चिन्ह ही सैतानाची खूण. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. डोकंच फिरलं.

माझे वडील गवंडी. खंडेनवमीच्या आदल्या रात्री अण्णा गुण्याच्या कोपऱ्यात अडकलेलं सिमेंट खिळ्याने खरवडून काढायचे. सकाळी पाटावर गुण्या, ओळंबा, करणी मांडून हळदकुंकू. एकदा फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलवरचं चिन्ह बघून थांबले आणि म्हणाले, "अरे, हा तर आपला गुण्या!" अशा हॉलना लोक जादूघर म्हणत आले, पण अण्णांना त्यात जादू दिसली नाही. कामाची वस्तू दिसली.

आणि अर्थही साधाच. गुण्या म्हणजे सचोटी, ओळंबा म्हणजे सरळ चारित्र्य, लेव्हल म्हणजे सगळे सारखे, कंपास म्हणजे हाव मर्यादेत ठेवणं. यात सैतान कुठे आला?

गुप्तता पाळली की लोक संशय घेणारच, हे मान्य.

पण माझा खरा राग लॉजवाल्या साहेबांवर आहे. लॉज म्हणजे फ्रीमेसनांची शाखा. हत्यारं गवंड्याची घेतली आणि पाठीराखे संत कोण? बाप्तिस्मा करणारा योहान आणि शुभवर्तमानवाला योहान. इंग्लंडची ग्रँड लॉज, म्हणजे तिथल्या लॉजांची वरची संस्था, आपली स्थापना २४ जून १७१७ ची मानते, तो पहिल्या योहानाचा सण. १८१३ मध्ये दोन ग्रँड लॉज एक झाल्या त्या २७ डिसेंबरला, दुसऱ्याच्या सणाला. दोघेही थोर, पण दोघांपैकी एकानेही भिंत रचली नाही.

आपले गवंड्या-पाथरवटांचे संत वेगळेच होते हो! चार मुकुटधारी हुतात्मे. कथा अशी, की रोमच्या डायोक्लेशियन बादशहाने देवाची मूर्ती घडवायला सांगितली, या पाथरवटांनी नकार दिला आणि जीव गमावला. त्यांचा सण ८ नोव्हेंबर. सुमारे सहाशे वर्षांपूर्वीच्या रीजियस काव्यात, म्हणजे मेसन मंडळींच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितात, हे चौघे आहेत. फ्लॉरेन्सच्या ओर्सानमिकेले चर्चवर पाथरवटांच्या संघाने शिल्पकार नानी दी बांकोकडून त्यांचे पुतळे करून घेतले. पुतळ्यांखालच्या कोरीव पट्टीत कारागीर कामाला लागलेत, एकजण भिंत बांधतोय. तो फोटो पाहिला आणि अण्णाच आठवले. राग ओसरला.

मुंबईत १८४३ साली रायझिंग स्टार लॉजने भारतीय माणसांना दार उघडलं, हे चांगलंच झालं. पण त्या दारातून शेटजी आत गेले. ज्याच्या हातात गुण्या होता तो बाहेर परांचीवरच राहिला. लॉजवाल्यांनी येत्या ८ नोव्हेंबरला चार गवंड्यांना आत बोलवावं, चहा पाजावा आणि गुण्या कसा धरतात ते त्यांच्याकडून बघून घ्यावं.