तिसरा खांब

वॉर्साच्या राजवाड्याच्या कडेला गवतावर दोन तुटके दगडी खांब आडवे पडलेले आहेत. पहिल्याच सकाळी नवरा तिथे रेंगाळला आणि मी पुढे गेले. मला चौकातला उभा खांब बघायचा होता, राजा तिसरा सिगिस्मुंड याचा पुतळा डोक्यावर घेतलेला, पोस्टकार्डावरचा. माझ्या फोनमध्ये त्याचं साल होतं १६४४. मी फोटोबिटो काढून मोकळी झाले तेव्हा हा रमतगमत आला आणि म्हणाला, "अगं, सोळाशे चव्वेचाळीसचा तिकडे गवतात झोपलाय. त्याच्या शेजारचा अठराशे सत्त्याऐंशीचा. हा तिसरा."

तिसरा म्हणजे १९४९ चा. मधला खांब, जर्मन ताब्याविरुद्ध पोलिश लोकांनी १९४४ मध्ये केलेल्या उठावात, जर्मनांनी पाडला. वरचा राजा जुनाच आहे, डागडुजी करून परत चढवलेला. माझा थोडा विरस झाला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून बर्लिनहून आगगाडीने चार दिवसांसाठी आलो होतो, आणि 'जुनं शहर' म्हणून जे बघणार होतो ते माझ्या आईपेक्षा वयाने लहान निघालं.

हे मला एवढं लागायला एक कारण होतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने आपल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच वाद चालू आहे. आतेभाऊ म्हणतो, रायगडावरचा राजवाडा जसाच्या तसा उभारा, शनिवारवाड्याचे मजले परत चढवा, नुसती जोती दाखवून पोरांना काय कळणार? धाकटी मावसबहीण दर पावसाळ्यात गडांवर असते. तिचं म्हणणं, एकाही चिऱ्याला हात लावू नका, भग्न आहे तेच खरं आहे. मी मधूनच काही लिहिलं की आतेभाऊ ठरलेलं उत्तर देतो: "ताई, तिथे बसून सांगायला तुझं काय जातंय?"

तर वॉर्सा. उठाव १ ऑगस्ट १९४४ ला सुरू झाला आणि ६३ दिवस चालला. शरणागतीनंतर माणसं बाहेर काढली गेली आणि मग रिकाम्या शहराचा सूड घेतला गेला. जर्मन तुकड्या गल्लीगल्लीने घरं पेटवत आणि सुरुंगाने उडवत गेल्या. राजवाड्याच्या भिंतींना सुरुंगासाठी भोकं आधीच पाडलेली होती. जुन्या गावाचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग गेला. बाजारचौकातल्या ज्या रंगीत घरांसमोर आज घोडागाड्या उभ्या असतात, ती जवळपास सगळी १९५३ पर्यंत पुन्हा बांधलेली आहेत. राजवाड्याला मात्र १९७१ साल उजाडावं लागलं. तो लोकवर्गणीतून उठला आणि १९८४ मध्ये उघडला. युनेस्कोने हे जुनं गाव १९८० मध्येच यादीत घेतलं, पुनर्बांधणीचं उदाहरण म्हणून.

आतेभावाला हे कळलं असतं तर तो नाचला असता. मी ठरवून दोन दिवस ग्रुपवर काही टाकलं नाही.

कारण दुसऱ्या दिवशी आम्हाला या गोष्टीची आधीची बाजू कळली. राजवाड्यापासून निघणाऱ्या राजरस्त्यावर मधेमधे बेर्नार्दो बेलोत्तोच्या चित्रांच्या प्रतिकृती उभ्या केल्या आहेत. हा अठराव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार, पोलंडच्या शेवटच्या राजाच्या दरबारी होता. प्रतिकृतीसमोर उभं राहायचं आणि मान वर करून समोरची इमारत ताडून बघायची. खिडक्या जुळतात, छपराचा उतार जुळतो. सगळीकडे सांगतात की या चित्रांवरून शहर बांधलं. ते सांगायला गोड आहे, पण चित्रावरून भिंतीची जाडी कळत नाही आणि जिना कुठे वळतो तेही कळत नाही.

जे खरं उपयोगी पडलं ते आहे विद्यार्थ्यांचं काम. महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत वॉर्साच्या तंत्रविद्यापीठात ऑस्कर सोस्नोव्हस्की नावाचे वास्तुशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या विभागातली मुलं फीत घेऊन जुन्या इमारतींत जात आणि दारं, कमानी, तळघरं मोजून कागदावर उतरवत. परीक्षेपुरतं, गुणांसाठी. सप्टेंबर १९३९ च्या बॉम्बफेकीत सोस्नोव्हस्की आपल्या विभागाच्या इमारतीत जखमी झाले आणि त्यातच गेले. कागद राहिले. उठावानंतर ते जळक्या शहरातून बाहेर काढून प्योत्रकूव्ह गावातल्या एका मठात लपवण्यात आले. १९४५ मध्ये राजधानीच्या पुनर्बांधणीचं कार्यालय उघडलं तेव्हा तिथले वास्तुविशारद यान झाख्वातोविच आणि त्यांच्या मंडळींच्या हातात काही तरी होतं. कल्पना करा, चहूकडे विटांचे ढीग आणि टेबलावर 'तिसऱ्या मजल्याची खिडकी, रुंदी अमुक' असं लिहिलेला, कुणा एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातचा कागद.

माझ्या दृष्टीने अख्खं वॉर्सा त्या कागदात आहे.

त्यांनीही सगळं प्रामाणिकपणे केलं असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. जुन्या गावातल्या कॅथीड्रलचा दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकात इंग्लिश गॉथिक धाटणीचा केलेला होता. तो परत बांधला नाही. झाख्वातोविचनी त्या प्रदेशाच्या मध्ययुगीन विटकामाला शोभेल असा नवा रचला, म्हणजे कधी नव्हताच असा 'जुना'. घरांच्या मागच्या कोंदट खोल्या गाळून मोकळी अंगणं ठेवली, आत नव्या सोयीचे फ्लॅट काढले आणि तिथे लोकांना राहायला दिलं. हे मला आवडलं. दोरीवर टॉवेल वाळताहेत आणि खाली पर्यटक फोटो काढताहेत, हे देखाव्यापेक्षा बरं. विटा मात्र कमी पडल्या, तेव्हा व्रोत्स्वाफसारख्या शहरांतून आणल्या. ती शहरं नुकतीच जर्मनीकडून पोलंडला मिळालेली आणि स्वतःच मोडकळलेली होती. एकाचा वारसा उभा राहताना दुसऱ्याच्या भिंती सुटत होत्या.

आणि मुरानूव्ह. जुन्या गावातून पंधरा-वीस मिनिटं चाललात की घरं एकदम साधी होतात, आणि काही घरांकडे जायला पायऱ्या चढाव्या लागतात, कारण ती मातीच्या उंचवट्यांवर आहेत. ती माती नाही. १९४३ च्या ज्यू उठावानंतर जर्मनांनी सगळा घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, जमीनदोस्त केला, त्याचा तो राबीट आहे. काही इमारतींचे ठोकळेसुद्धा त्याच राबीटाचा चुरा करून ओतलेले आहेत. युद्धाआधी या शहरात दर दहांतले तीन जण ज्यू होते. त्यांच्या गल्ल्या कुणी बेलोत्तोच्या चित्रांशी ताडून बांधल्या नाहीत. 'आमचं अंगण इथे होतं' म्हणून हट्ट धरायला फारसं कुणी उरलंच नव्हतं. नवरा सहसा प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून दाखवतो (पंचवीस वर्षांत ही सवय मोडता आली नाही). तिथे तो गप्प होता.

तो कोल्हापूरचा. त्यामुळे एक मुक्काम आधीपासून ठरलेला होता. माँते कासिनोला, म्हणजे इटलीत, पोलिश सैनिक दुसऱ्या महायुद्धात लढले. त्या लढाईच्या वॉर्सातल्या स्मारकाजवळ कोल्हापूरच्या नावाचा स्मृतिफलक आहे, वळिवड्याच्या छावणीसाठी. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरशेजारी वळिवड्याला राहिले. पुढे फाळणीनंतर त्याच छावणीच्या जागी सिंधी निर्वासित आले आणि तिचं गांधीनगर झालं. "दर दिवाळीला कापड घ्यायला जायचो रे देवा," नवरा म्हणाला, "पण हे शाळेत कुणी सांगितलं नाही." फलकापाशी त्याने मला चार वेळा फोटो काढायला लावला. मग आम्ही एका 'दूध बार'मध्ये जेवलो. नाव दुधाचं, पण ही सरकारी मदतीवर चालणारी स्वस्त खाणावळ. बटाटा आणि चीज भरलेले पिएरोगी म्हणजे उकडलेल्या तिखटमिठाच्या करंज्या म्हणा. वरून डुकराच्या चरबीचे तळलेले कण पेरू नका, हे आधीच सांगावं लागतं. आम्ही सांगितलं नव्हतं. ते निवडायला नवऱ्याला पाऊण तास लागला.

तिथेच बसून मी ग्रुपवर लिहिलं. आतेभावाला एवढंच विचारलं: रायगडाचा कागद कुठे आहे?

रायगड मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी पेटला. राजवाड्याची लाकडी कामं तेव्हा गेली. त्याआधीचं आपल्याकडे काय आहे? जगदीश्वराच्या देवळाशी असलेल्या शिलालेखात विहिरी, तळी, बागा, रस्ते, स्तंभ, गजशाळा, गगनाला भिडणारी राजगृहं अशी यादी आहे, आणि पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर' हिराजी इंदुलकर. ती ओळ वाचताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण गगनाला भिडणारी म्हणजे किती मजली? तुळया कशावर टेकल्या होत्या, कडीपाट होता का, खिडक्यांना महिरप होती का? जोत्यांवरून लांबीरुंदी मिळते, उंची मिळत नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेत जतनकाम करणाऱ्यांनी एक साधी रेघ ओढून ठेवली आहे: जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. रायगडाच्या जोत्यावर पहिला खांब उभा केला की आपण त्या रेघेपलीकडे. जो राजवाडा उठेल तो शिवाजी महाराजांचा नसेल, आजच्या चित्रपटांच्या सेटचा असेल, आणि पुढच्या पिढीतल्या पोरांना तोच खरा वाटेल. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला, त्याचंही तेच.

मावसबहिणीने यावर लगेच टाळ्यांचे हात पाठवले. पण तिच्याही बाजूने मी पूर्ण नाही. चिऱ्याला हातच लावू नका म्हटलं असतं तर महाराजांच्या समाधीवर १९२६ मध्ये छत्री उभी राहिली नसती. पडक्या समाधीसाठी आधी जोतीराव फुल्यांना आणि मग टिळकांना झटावं लागलं होतं. भग्न अवस्थेला भाव देणं ही चैन आहे. ज्यांच्या घरचं छप्पर गळत नाही त्यांना परवडते. आणि इकडच्या लोकांनाही याचं उत्तर सापडलेलं नाही. आमच्या बर्लिनमध्ये १९५० साली पाडलेला राजवाडा परत उभारला, तीन बाजूंनी जुना आणि चौथ्या बाजूने उघड नवा. त्यासाठी पूर्व जर्मनीच्या काळातलं लोकसभागृह पाडलं. माझ्या कचेरीतले लोक अजून त्यावरून भांडतात. वॉर्सात सॅक्सन राजवाड्याचा उरलेला कमानींचा तुकडा अज्ञात सैनिकाची समाधी म्हणून उभा आहे. सबंध राजवाडा परत बांधायचा कायदा २०२१ मध्ये झाला, आणि पोलिश लोकांतच दोन तट आहेत. मला विचाराल तर तो तुकडा तसाच राहावा.

आतेभावाचं उत्तर रात्री आलं. "एवढं मोजमापाचं प्रेम आहे तर आपल्या वाड्याचा कागद कुठाय?"

यावर मला बोलायला जागा नव्हती. कसब्यातला आमचा वाडा २०१४ मध्ये पाडला. कारणं कुठल्याही पुणेकराला पाठ असतील. भाडेकरूंचं भाडं दहा-वीस रुपयांवर गोठलेलं, दुरुस्तीला कुणाकडे पैसा नाही, वारस सतरा, आणि दर जूनमध्ये महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस. मी बर्लिनमधून कुलमुखत्यारपत्र पाठवलं होतं, सही करायला पाच मिनिटं लागली. आता तिथे सहा मजली इमारत आहे आणि तिला आजोबांचं नाव आहे. पाडायच्या आधी फोटो भरपूर काढले गेले, दिंडीदरवाजात उभं राहून सगळ्यांचे. मोजलं कुणीच नाही. बांधकाम व्यावसायिकाने मोजलं, पण फक्त क्षेत्रफळ.

म्हणून माझं म्हणणं आतेभावालाही पटेना आणि बहिणीलाही. रायगडासाठी जो निधी मागायचा तो जरूर मागा, पण सरकारने आणि वास्तुकलेच्या महाविद्यालयांनी आधी वाई, सातारा, नाशिक, पुणे, पैठण इथले जे वाडे अजून उभे आहेत त्यांत मुलं पाठवावीत. फीत, कागद, गुण. वाडा वाचवा असा आग्रह नको, मालकाच्या डोक्यावर वारशाचं ओझं नको. तो उद्या पाडणार असेल तरी चालेल, आज दोन दिवस आत येऊ द्या एवढंच. सोस्नोव्हस्कींच्या मुलांना तरी कुठे ठाऊक होतं शहर जळणार आहे?

"हे काम कंटाळवाणं आहे, यावर मिरवणूक निघत नाही," बहीण म्हणाली. ते खरं आहे.

बर्लिनला परतल्यावर मी ग्रुपवर सगळ्यांना वाड्याचा नकाशा आठवणीने काढून पाठवायला सांगितलं. तीन आले. ओसरी तिघांचीही पाच खणांची. माजघराच्या पायऱ्या एकाने दोन काढल्या, एकाने तीन. आणि तुळशी वृंदावन तिन्ही कागदांवर तीन ठिकाणी. दोन दिवस जुंपली. शेवटी आत्याचा फोन आला. ती ८७ वर्षांची आहे, ग्रुपवर नसते. "अगं, भांडताय कशाला," ती म्हणाली, "तुळस दोनदा हलवली होती. एकदा हौद बुजवला तेव्हा, आणि एकदा माझ्या लग्नात मांडवाला आड येत होती म्हणून. हौद कुठे होता ते काढलंय का कुणी?"

हौद कुणीच काढला नव्हता.