हिवरे बाजार : 'सरकारचा एक रुपयाही न घेता' हे खरं नाही

'नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने सरकारचा एक रुपयाही न घेता दुष्काळ हटवला' असा मजकूर पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. भावना चांगली, माहिती अर्धवट.

पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले. पुढे डोंगरउतारावर पाणी मुरावं म्हणून जे सलग समतल चर (उताराला आडवे लांब खड्डे) खोदले गेले, झाडं लागली, बंधारे झाले, त्यात रोजगार हमी आणि आदर्श गाव योजनेचा सरकारी पैसा होता. वनखात्याची जमीनही होती. तो सरकारी वाटा नाकारून गाव मोठं होत नाही. उलट, तोच पैसा इतर शेकडो गावांतही गेला आणि पुष्कळ ठिकाणी चर दोन पावसाळ्यांत गाळाने बुजले, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना फरक कुठे पडला ते कळेल.

फरक पडला तो गावाने स्वतःवर घातलेल्या बंधनांनी. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस, केळी लावायची नाही. पावसाळा सरला की पर्जन्यमापकाचे आकडे ग्रामसभेपुढे येतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, उरलेल्यावर रब्बीला काय आणि किती पेरायचं ते ठरवायचं. पाऊस कमी, तर पेराही कमी. (आपल्याकडे ऊस बंद करा म्हणून ग्रामसभेत बोलून बघा!)

तेव्हा तो मजकूर पुढे पाठवताना 'सरकारचा एक रुपयाही न घेता' हे शब्द तेवढे काढा.