येळ्ळूरच्या काकांच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही एक स्टार दिलात आणि लिहिलंत, "माझं भाताचं काळं रान यांनी तांबडं करून टाकलं. गटाची सगळी यादीच बोगस." ही यादी म्हणजे तुमच्या शेतकरी गटासाठी आम्ही केलेली, कुठल्या सर्व्हे नंबरात कोणती माती ते सांगणारी. तक्रार वाचल्यावर तुमचा सर्व्हे नंबर उघडून पुन्हा मोजला. तुमच्या रानाबद्दल तुम्ही बरोबर आहात. चूक आमची आहे. गटातले बाकीचेही हे वाचणार, म्हणून ती कुठे झाली ते इथेच सांगतो.

एका नकाशावर शिवारातले सर्व्हे नंबर, दुसऱ्यावर मातीचे पट्टे. मातीची हद्द काही बांध बघून जात नाही, एका शेतात दोन-तीन पट्टे येतात. खताच्या हिशोबासाठी गटाला एका नंबरापुढे एकच माती हवी होती. म्हणून शेताचं सर्वांत जास्त क्षेत्र ज्या पट्ट्यात येईल, त्याचं नाव लावायचं ठरलं.

तुमचं रान १ एकर १० गुंठे, म्हणजे ५० गुंठे. राजहंसगडाकडचे २२ गुंठे तांबडे, उरलेले २८ काळे. पण मधून ओढा जातो, त्यामुळे नकाशात काळ्या मातीचे दोन तुकडे वेगवेगळे आखलेत, एक १५ गुंठ्यांचा, दुसरा १३ चा. तुलना झाली ती सुट्या तुकड्यांची. १५ पेक्षा २२ मोठे, म्हणून तांबडी लागली. आधी एका मातीचे तुकडे जोडून मग मोठं कोण ते बघायचं असतं. ती पायरी आमच्याकडून राहिली.

सगळी यादी बोगस, हे मात्र मान्य नाही. तुकडे जोडून सगळे नंबर पुन्हा तपासले. तुमच्यासह ओढ्याकाठचे ४ बदलले, बाकीचे होते तसेच आले.

शेताचा मध्यबिंदू धरून माती का बघितली नाही, असंही विचारलंत. तुमचं रान विळ्यासारखं वाकलेलं आहे. त्याचा मध्य काढला तर तो शेजाऱ्याच्या उसात पडतो.

मला जास्त लागलं ते वेगळंच. आता 'काळी' असं बरोबर लिहिलं तरी तुमचे २२ गुंठे तांबडे कागदावरून जातातच. काळीचा हिस्सा ५६ टक्के. ५६ टक्क्यांचं शेत आणि ९८ टक्क्यांचं शेत एकाच शब्दात लिहिलं, तर खत चुकणारच. गटाने मागितलं नव्हतं, पण हे आम्हीच सांगायला हवं होतं. नव्या यादीत प्रत्येक नंबरापुढे मुख्य माती, तिचे टक्के आणि दुसरी माती दिली आहे. ६० टक्क्यांच्या खालची ओळ पिवळी केली आहे. बांधालगतच्या अर्ध्या गुंठ्याच्या आतल्या चिंचोळ्या पट्ट्या सोडल्या, त्या बहुतेक दोन नकाशांच्या रेषा जुळत नाहीत म्हणून दिसतात.

यादी काल गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकली आहे, तिचे पैसे घेणार नाही. रविवारी सकाळी येळ्ळूरला येतोय. ओढ्याच्या अलीकडचे दोन वाफे नकाशात तांबडे दिसतात आणि तुम्ही फोनवर ते काळे म्हणालात. आधी तिथेच जाऊ.