पिन टाकला, म्हणजे चूक त्याचीच?

मोबाइलवरून कुणी फसला की लातूर-उदगीरकडच्या पारावर निकाल ठरलेला: पिन त्यानंच टाकला ना, मग बँक काय करणार? रिझर्व्ह बँकेचं २०१७चं परिपत्रकही साधारण त्याच बाजूचं. ग्राहकाचा दोष नसेल आणि त्यानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर भार शून्य. गुप्त माहिती त्यानंच दिली असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं.

इथं ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून वेगळं आहे. फसून स्वतःच पाठवलेले पैसेही बहुतेक वेळा ८५ हजार पौंडांपर्यंत परत मिळतात, आणि ती रक्कम पाठवणारी व घेणारी बँक निम्मी-निम्मी सोसते. भामट्याला खातं उघडून देणाऱ्या बँकेलाही चाट बसते! (माल हलका निघाला, असलं भांडण मात्र यात बसत नाही.) भारतानं यातून उचलावं ते एवढंच: पैसे घेणाऱ्या बँकेनंही भार सोसायचा.

कारण यूपीआयचं कुलूप कच्चं नाही. ॲप सुरू करताना त्याच सिमवरून एसएमएस जातो, खातं त्या फोनशी बांधलं जातं, वर चार किंवा सहा आकडी पिन. पण त्यातून पटते ती देणाऱ्याची ओळख. बियाणं विकणारा खरा की खोटा, हे पिनला काय ठाऊक? त्यासाठी पिनच्या आधी पडद्यावर येणारं नाव वाचायचं. ३० जून २०२५पासून ॲपनं तिथं बँकेत नोंदलेलं नावच दाखवायचं आहे. पाटीवर कृषी सेवा केंद्र आणि पडद्यावर भलतंच नाव आलं, तर गल्ल्यावरच्या माणसाला विचारा. मालकाचं खासगी खातं असू शकतं, नाहीतर क्यूआरवर कुणी दुसरा कागद चिकटवलेला.

विकणारा फसतो तो उलट्या बाजूनं. वसमतला हळद गाडीत चढते आणि गिऱ्हाईक स्क्रीनशॉट दाखवतं. स्क्रीनशॉट पाच मिनिटांत बनतो. स्वतःच्या खात्यात रक्कम आणि बारा आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, दिसल्याशिवाय गाडी सोडू नये.

यूपीआयवर समोरच्याला पैशांची मागणी पाठवण्याची व्यक्ती-व्यक्तींमधली सोय १ ऑक्टोबर २०२५पासून बंद झाली, तरी भामटे क्यूआर पाठवून म्हणतात, “स्कॅन करा, पैसे येतील.” पैसे घ्यायला पिन लागतच नाही. टाकलाच असेल, तर यूटीआर हाताशी धरून ताबडतोब सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते.