तीस लाख एकाच खात्यात नकोत

निवृत्तीची सगळी रक्कम सरकारच्या पाच वर्षांच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका आणि निवांत राहा, असं निवृत्तीनंतरच्या गुंतवणुकीवरच्या एका लेखात म्हटलंय. योजना चांगलीच आहे, पण 30 लाखांचं एकच खातं उघडू नका. या खात्यातून थोडी रक्कम काढता येत नाही, मोडायचं तर अख्खं खातं मोडावं लागतं. वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याज मुद्दलातून वळतं होतं, दुसऱ्या वर्षात मुद्दलाच्या दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापतात. त्यापेक्षा 10, 10, 5, 5 अशी चार खाती काढा. गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर पाचाचं एक मोडेल, बाकीची शाबूत. एकूण मर्यादा मात्र 30 लाखच. जोडीदाराचं वय योजनेच्या अटीत बसत असेल तर त्याच्या नावे वेगळी मर्यादा मिळते. संयुक्त खात्यात सगळी रक्कम पहिल्या नावावरच धरतात.

दर तिमाहीला व्याज येतं. ते उचललं नाही तर त्यावर व्याज चढत नाही, म्हणून बचत खात्यात आपोआप जमा होईल असं लिहून द्या.

8.2 टक्के धरले तर 30 लाखांवर महिन्याला 20,500 पडतात, करापूर्वी. हा आकडा पाच वर्षं हलत नाही. महागाई सहा टक्के राहिली तर बारा वर्षांत त्याची किंमत निम्मी! लेखात नेमकं हेच राहून गेलंय. थोडी रक्कम इक्विटी फंडात, म्हणजे शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात, ठेवावीच लागते.